सवलत तिकिटावर, फेरीवर नाही

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या बसस्थानकात गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन तास बसून राहायची वेळ आली. आगारातल्या जुन्या वेळापत्रकांच्या नकला पाहायला गेलो होतो आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. बाकावर शेजारी एक आजोबा होते. वय ऐंशीच्या पुढचे. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेतून काढून ते गावी निघाले होते आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवले होते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, त्यामुळे त्यांचा प्रवास फुकट होता. दीडची गाडी आली नाही. चौकशीच्या खिडकीतून उत्तर आले, ‘फेरी रद्द.’ मी म्हटले, ‘बाबा, आता हो?’ ते म्हणाले, ‘फुकट हाय की. पन गाडी यायला पायजे ना.’ अडीचच्या सुमारास ते स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या काळी-पिवळीत बसले आणि मिळालेल्या पंधराशेतले चाळीस रुपये देऊन गावी गेले.

गेली काही वर्षे मी एसटीच्या सवलतींचा इतिहास जमेल तसा जुळवतो आहे. आजोबा जे एका वाक्यात बोलले ते समजायला मला बरेच शासन निर्णय वाचावे लागले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने माणसाच्या दारी यायचे असे आपण म्हणत आलो, पण व्यवहारात माणसालाच सरकारच्या दारी जावे लागले. हायस्कूल मोठ्या गावात, ग्रामीण रुग्णालय तालुक्याला, सिव्हिल सर्जनचा दाखला जिल्ह्याला, निराधार योजनेची कागदपत्रे तहसिलात. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली तेव्हा विधवा, अपंग, निराधार अशा माणसांना महिन्याला काही रक्कम मिळू लागली. ती मंजूर करून घ्यायला आणि उचलायला जायचे ते एसटीनेच. शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, महसूल या प्रत्येक खात्याने आपापली सेवा उभी केली. त्या सेवेपर्यंत माणूस कसा पोचणार, हे पाहण्यासाठी मात्र कोणतेही खाते नव्हते. ते काम न सांगता एसटीकडे आले.

एसटीची सुरुवात सगळ्यांना पाठ आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. मराठवाड्यात त्याआधीच, १९३२ पासून, निजामाच्या रेल्वेने स्वतःच्या बसगाड्या चालवल्या होत्या. राज्य पुनर्रचनेनंतर या निरनिराळ्या सेवा एकत्र येत गेल्या आणि १९६१ पासून त्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या नावाखाली आहेत. १९४८ पूर्वीची खासगी सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय हलत नसे. वेळापत्रकाप्रमाणे, अर्धी रिकामी असली तरी सुटणारी गाडी ही त्या काळात खेड्यातल्या माणसासाठी नवी गोष्ट होती. शाळेला किंवा दवाखान्याला जाणाऱ्यासाठी तर खरी सोय तीच, कारण ओपीडीची वेळ गाडी भरण्याची वाट पाहत नाही.

महामंडळे ज्या कायद्याने उभी राहिली तो १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याच्या २२ व्या कलमात सांगितले आहे की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. ३४ व्या कलमाने राज्य सरकारला महामंडळास सूचना देण्याचा अधिकार दिला. एका हाताने ‘व्यापार कर’ आणि दुसऱ्या हाताने ‘आम्ही सांगू तसे कर’. त्यात एसटीचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. या तिन्हींची ओढाताण पुढल्या पंच्याहत्तर वर्षांत प्रत्येक आगाराच्या हिशेबात दिसते. मला स्वतःला त्या कायद्यात खोट दिसत नाही. सवलतीचे पैसे ज्याने सवलत जाहीर केली त्याने द्यावेत, एवढे पथ्य पाळले तर दोन्ही कलमे एकत्र नांदू शकतात. पण ते पथ्य वेळेवर क्वचित पाळले गेले.

सवलतींची यादी कोणी एका बैठकीत बसून केलेली नाही. ती साठत गेली. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सूट, म्हणजे विद्यार्थ्याने तिसरा हिस्सा भरायचा. क्षयरोगी, कुष्ठरोगी आणि कर्करोगी यांना उपचारासाठी जाताना ७५ टक्के सूट. अंध व अपंगांना ७५ टक्के आणि अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मे तिकीट. पासष्टीपुढच्या ज्येष्ठांना निम्मे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून शाळेसाठी मोफत पास, आधी पाचवी ते दहावी आणि पुढे बारावीपर्यंत. स्वातंत्र्यसैनिक, अधिस्वीकृतीधारक पत्रकार, आमदार, अर्जुन पुरस्कार मिळालेले खेळाडू, आदिवासी सेवक, दलितमित्र हेही त्याच यादीत. कुष्ठरोगी आणि आमदार एका कागदावर शेजारी शेजारी आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. डायलिसिस, हिमोफिलिया, सिकलसेल आणि एचआयव्ही यांच्या रुग्णांना मोफत प्रवास मिळाला तो अलीकडे, २०१८ च्या सुमारास. यादी आता तीसच्या आसपास गेली आहे.

प्रत्येक नोंदीमागे एक खाते असते. लाभार्थी कोण हे ते खाते ठरवते आणि दाखला देते. माणसाला वाहून नेते एसटी. पैसे शासन नंतर देते. कागदावर ही रचना सरळ आहे. पण ही तीन टोके प्रत्यक्षात जोडतो तो वाहक, आणि तोही चालत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून.

सकाळी सातच्या तालुक्याला जाणाऱ्या एका साध्या गाडीचा विचार करा. दारापाशी बारा-पंधरा पोरी. त्यांचे पास मुख्याध्यापकांच्या सहीवर निघालेले, ते शिक्षण खात्याचे. मधल्या बाकावर कुबडी घेतलेला माणूस, त्याच्याजवळ जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र, ते आरोग्याचे. मागे तहसीलदारांच्या दाखल्यावर किंवा मतदार ओळखपत्रावर वय दाखवणारे दोघे म्हातारे, ते महसुलाचे. एक क्षयरोगी, जो आपला कागद सगळ्यांसमोर काढायला लाजतो आणि म्हणून कित्येकदा पूर्ण तिकीट काढतो. पन्नास प्रवाशांत चार-पाच खात्यांची कागदपत्रे, आणि ती वाचायला पुढच्या टप्प्यापर्यंतचा वेळ. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. वाटेत तपासणी पथकाने गाडी थांबवली आणि एखादा दाखला चुकीचा निघाला, तर जाब वाहकाला द्यावा लागतो. दाखला देणाऱ्या कचेरीला कोणी विचारत नाही.

तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तोवर वाहक प्रत्येक मूल्याचे तिकीट फाडून, टोचून देत असे आणि सवलतीचा हिशेब वेबिलावर मांडत असे. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली तेव्हा प्रत्येक सवलतीला आपली कळ मिळाली. मग कोणत्या फेरीत कोणत्या प्रकारचे किती प्रवासी बसले हे रात्री आगारात आपोआप कळू लागले. २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड आले. त्याची मुदत करोनाच्या काळात पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि खेड्यातले म्हातारे आधार कार्डच दाखवत राहिले. यंत्र सुधारले म्हणून भांडणे थांबली नाहीत, पण हिशेब मात्र स्वच्छ झाला, हे मान्य केले पाहिजे.

हिशेबाचाच धागा पुढे नेला की एक गंमत दिसते. एसटी प्रत्येक तिकिटावर राज्याला प्रवासी कर भरत आली आहे, १७.५ टक्के. त्याचा कायदा १९५८ चा. म्हणजे जो प्रवासी पूर्ण तिकीट काढतो त्याच्या पैशातून राज्य कर घेते, आणि जो सवलतीत बसतो त्याच्या फरकाचे पैसे राज्य देणे लागते. एकच सरकार एसटीचे सावकारही आणि ऋणकोही. कर वेळेवर जावा लागतो. प्रतिपूर्ती येते ती अंदाजपत्रकातून, पुरवणी मागण्यांतून, हप्त्याहप्त्याने. दरम्यान डिझेल उधार मिळत नाही.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही, आणि दुसरीकडे तो अगदी उलट्या बाजूने आला. अमेरिकेत १९६० च्या दशकात गरिबी निर्मूलन, वृद्धसेवा आणि वैद्यकीय मदत यांचे मोठे कार्यक्रम सुरू झाले. तिथे खेड्यापाड्यांत आपल्यासारखी सरकारी बस नव्हती. म्हणून वृद्धांच्या केंद्राने आपली व्हॅन घेतली, अपंगांच्या संस्थेने आपली, दवाखान्याने आपली. एकाच रस्त्याने तीन अर्ध्या रिकाम्या व्हॅना जात आणि चौथा माणूस कोणत्याच यादीत नसल्याने रस्त्यावर उभा राही. १९७७ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने लोकांच्या प्रवासावर खर्च करणारे ११४ केंद्रीय कार्यक्रम मोजले. २००३ मध्ये पुन्हा मोजले तेव्हा ६२ भरले. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी २००४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी या सगळ्या खात्यांनी वाहतुकीत समन्वय ठेवावा असा खास आदेश काढला. तिथे गाड्या पुष्कळ झाल्या आणि त्या जोडायच्या होत्या. आपल्याकडे गाडी एकच होती आणि सगळी खाती तिच्यात बसली. स्वस्तात, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाने. कुष्ठरोग्यासाठी वेगळी गाडी काढली असती तर ती गावाच्या वेशीवर थांबवली गेली असती. एसटीत तो इतरांच्या शेजारी बसला, निदान कायद्याने तरी.

पण एका गाडीवर सगळे टाकण्यातला धोका असा, की ती गाडी नसली तर काहीच नसते. सवलत तिकिटावर दिलेली आहे, फेरीवर नाही. फेरी ठेवायची की बंद करायची हे आगार ठरवते, आणि ते भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न पाहून ठरवते. २२ व्या कलमाप्रमाणे त्यात गैर काही नाही. मात्र सकाळच्या ज्या गाडीत पन्नास मुली पासावर बसतात तिच्या वेबिलावर रोख रक्कम किती दिसणार? विद्यार्थ्यांच्या पासाचे पैसे आगाराच्या खिडकीवर भरलेले असतात आणि मुलींचे मोफत पास शासनाच्या खात्यावर. गाडी खच्चून भरलेली आणि वाहकाची बॅग हलकी. उलट तालुक्याहून पुण्याला जाणारी रातराणी निम्मी भरली तरी बॅग जड. गाड्या कमी पडल्या की कात्री कुठे लागते हे सांगायला नको. करोनापूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला एसटीचा ताफा नंतर पंधरा हजारांच्या जवळपास आला, तेव्हा आधी गेल्या त्या मुक्कामी गाड्या आणि आडगावच्या दुपारच्या फेऱ्या, असे मी पाहिलेल्या तालुक्यांत तरी दिसते.

या नियमाला एक मोठा अपवाद झाला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. २००६ मध्ये राज्याने मानव विकास मिशन स्थापन केले. आधी बारा जिल्ह्यांतले पंचवीस तालुके त्यात होते. २०११ मध्ये ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत पसरले. मुली सातवीनंतर शाळा सोडतात याचे एक कारण अंतर आहे हे मिशनने धरले आणि निळ्या रंगाच्या बसगाड्या काढल्या, तालुक्याला आधी पाच आणि नंतर सात. गाडी मिशनच्या पैशातून घेतलेली, चालवण्याचा वार्षिक खर्चही मिशनने दिलेला, चालक-वाहक एसटीचे, आणि वेळ शाळेच्या घंटेवर बांधलेली.

इथे सरकारने पहिल्यांदाच तिकीट विकत न घेता फेरी विकत घेतली. निळी गाडी रोजच्या रोख उत्पन्नावर जगत नव्हती. तिचे भाडे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेले होते. त्यामुळे दहा मुली असल्या काय आणि चाळीस असल्या काय, ती सुटायची. सगळीकडे ती नीट चालली असे मी म्हणणार नाही. गाडी नादुरुस्त झाली तर बदली मिळत नसे, आणि शाळेची वेळ बदलली तरी गाडीची बदलत नसे, अशा तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. तरीही एका शिक्षिकेने मला सांगितलेले विसरता येत नाही. त्यांच्या शाळेत निळी गाडी सुरू झाल्यावर पहिला फरक दिसला तो पालकांत. ‘पोरगी कशी येईल’ हे विचारायला जे यायचे ते ‘गाडी कधी सुटेल’ हे विचारायला येऊ लागले.

आरोग्य खात्यानेही मधल्या काळात स्वतःच्या गाड्या घेतल्या. १ जून २०११ रोजी, म्हणजे योगायोगाने एसटीच्या वाढदिवशी, केंद्राची जननी शिशु सुरक्षा योजना सुरू झाली आणि बाळंतिणीला घरून दवाखान्यात आणि परत घरी मोफत पोचवणे हा तिचा हक्क झाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. यातून जीव वाचले. पण रुग्णवाहिका अडीअडचणीला धावते, नेमाच्या वारीला नाही. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा जातो, वर्षानुवर्षे जातो, आणि यंत्रावरून उतरल्यावर थकलेल्या अंगाने परत येतो. त्याला प्रवास मोफत आहे. संध्याकाळची शेवटची गाडी त्याच्या डायलिसिसच्या वेळेशी जुळवावी, असा विचार झालेला मला कोणत्याही आगारात आढळला नाही. रुग्णालयाच्या पाळ्या एका खात्याच्या फळ्यावर लिहिलेल्या आणि गाडीची वेळ दुसऱ्याच्या. दोन फळ्यांत अंतर असते अर्ध्या किलोमीटरचे.

अपंगांचे तेच. ७५ टक्के सवलत आहे, राखीव आसनावर तसे लिहिलेलेही असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने वाहतूक संस्थांनी गाड्यांत योग्य ते बदल करावेत असे सांगितले, पण त्यालाच ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी शेपटी लावली. २०१६ च्या नव्या कायद्यात भाषा बरीच कडक झाली. साध्या गाडीची पहिली पायरी मात्र जुनीच. स्वतःच्या बळावर ती चढू न शकणाऱ्याला तिकिटात किती सूट मिळते हा प्रश्न त्या पायरीपाशीच संपतो.

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा काळ या सगळ्याची परीक्षा ठरला. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे या मागणीसाठी कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि गाड्या आगारातच उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांची बाजू मी इथे मांडत नाही. ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि माझी सहानुभूती कुठे आहे हे वाचकाला कळले असेल. पण त्या साडेपाच महिन्यांत शिक्षण खात्याचे पास, सिव्हिल सर्जनचे दाखले, ज्येष्ठांची कार्डे हे सगळे एकाच वेळी निरुपयोगी झाले. कोणत्याही खात्याने ‘आमचा लाभार्थी आमच्यापर्यंत कसा येणार’ म्हणून पर्यायी सोय उभी केल्याचे मला कागदोपत्री सापडलेले नाही. त्या खात्यांच्या हिशेबी तो प्रश्न एसटीचा होता. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मुली चालत गेल्या, किंवा गेल्या नाहीत.

संप मिटल्यावर आलेल्या दोन निर्णयांनी चित्र पुन्हा हलवले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या बाईला हद्दीपुढे पूर्ण भाडे. या निर्णयांवर ‘फुकट्यांची चैन’ अशी टीका शहरातून झाली. ती करणाऱ्यांनी काळी-पिवळीत मागे लोंबकळणाऱ्या बायका कधी पाहिल्या नसाव्यात. महिला एसटीकडे वळल्या, गाड्या भरू लागल्या, आणि भरलेल्या प्रत्येक जागेमागे शासनाकडून येणे उभे राहू लागले. आधी सवलतीचे प्रवासी हे आगाराच्या उत्पन्नातले किरकोळ खाते होते. आता तो मोठा हिस्सा झाला. परिणामी प्रतिपूर्तीचा हप्ता लांबला की त्याचा धक्का थेट पगाराला आणि सुट्या भागांना बसतो. सुटे भाग नसले की गाडी उभी. आणि गाडी उभी राहिली की रद्द होते ती दुपारची, आडगावची फेरी.

प्रतिपूर्ती निघालेल्या तिकिटांवर मिळते. शून्य रुपयांचे तिकीटही यंत्रातून निघते, त्याची नोंद होते, त्याचे पैसे मागता येतात. रद्द झालेल्या फेरीत तिकीटच निघत नाही. त्या दिवशी बाकावर बसून राहिलेली माणसे ना एसटीच्या हिशेबात येतात, ना समाजकल्याणाच्या.

किल्ली आली तेव्हा तीन वाजून गेले होते. जुन्या नकला धूळ झटकून पाहिल्या. त्या आजोबांच्या गावापुढे एका वर्षी दिवसाच्या चार फेऱ्या आणि एक मुक्कामी गाडी लिहिलेली होती. ही गाडी रात्री गावात थांबायची आणि पहाटे दवाखान्याला, बाजाराला, परीक्षेला जाणाऱ्यांना घेऊन निघायची. बाहेर येऊन फळा पाहिला. आता दोन फेऱ्या होत्या, सकाळची साडेसातची आणि दुपारची दीडची. दीडची खडूने खोडलेली होती.